सावेरने चावी काढून घेतली त्याची गोष्ट

चावी दाराला होती, आणि तीही बाहेरून. चांगली वीतभर लांब, लोखंडी, जुन्या चर्चच्या दाराला शोभेल अशी. सावेरने बॅगा खाली ठेवल्या, गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली आणि घरमालक नाझूला विचारलं, की ही इथे कोणी विसरून गेलंय का.

"विसरेल कशाला?" नाझू म्हणाला. "तिची जागाच ती."

"बाहेर?"

"मग आत ठेवली तर तुम्ही बाहेरून उघडणार कसं?"

एवढं बोलून नाझू निघून गेला. तो गावच्या बँडमंडळाचा चिटणीस होता, शनिवारी गावच्या संताचा उत्सव होता, आणि त्याला पाहुण्यांना चावीशास्त्र शिकवत बसायला वेळ नव्हता. सावेर मात्र दारातच उभा राहिला. नाझूच्या उत्तरात खोट काढता येत नव्हती, आणि म्हणूनच ते त्याला खोटं वाटलं. एकतीस वर्षं पाणी खात्यात मीटर तपासनीस म्हणून काढलेला माणूस तो. ज्याचं उत्तर तयार असतं त्याने ते आदल्या दिवशी तयार केलेलं असतं, हा त्याचा अनुभव. पाणी चोरायला मीटरला चुंबक लावणारी माणसं नेहमी हसतमुख असतात आणि आधी खुर्ची देतात.

खरं तर या सहलीलाच त्याचा विरोध होता. पण लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि सुट्टी म्हणून त्याच्या बायकोने, कोंचेत्ताने, कधी माल्टाच्या मोठ्या बेटावरच्या आपल्या बिर्किरकाराच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. नवी नवरी असताना ती एकदाच शेजारच्या गोझो बेटावर, याच सिएन्या गावच्या उत्सवाला आली होती, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत. इथे उत्सवाच्या संध्याकाळी बायका दारात खुर्च्या टाकून बसतात आणि बँड दारोदार थांबून वाजवतो, ते तिने गर्दीच्या मागून टाचा उंचावून पाहिलं होतं. तेव्हापासून तिच्या मनात एकच होतं: एकदा आपण खुर्चीवर बसायचं आणि बँडने आपल्या दारात थांबायचं. या वर्षी तिने स्वतःच घर ठरवलं आणि सावेरला बजावलं, "एवढं एक माझ्यासाठी कर. आणि एक आठवडा कोणावर संशय घ्यायचा नाही. घेतलास, तर पुढच्या वर्षीपासून मी बहिणीबरोबर जाईन. तू घरी बस मीटर मोजत."

सावेरने शब्द दिला. दिलेला शब्द तो पाळत असे. संशय बोलून दाखवायचा नाही, असा त्याने त्याचा अर्थ लावला. मनातल्या मनात काय चालतं त्याचं मीटर अजून कोणी काढलेलं नाही.

त्यात शेजारच्या विजीने निघायच्या आदल्या दिवशी दोन तास बसून सल्ले दिले. गोझोकराशी हात मिळवलास तर नंतर बोटं मोजून घे. बटाटे इथूनच ने, तिथे पाहुणा दिसला की बटाट्यांना पाय फुटतात. दिव्याचे बल्ब ने. कुलपं तर नेच नेच. विजी स्वतः गोझोला कधी गेला नव्हता, पण सल्ला द्यायला जावं कशाला लागतं? सावेरने सात किलो बटाटे, चार बल्ब आणि तीन कुलपं घेतली. बोटीवर चढताना कोणी तिकीट मागितलं नाही, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. कोंचेत्ता म्हणाली की तिकीट परत येतानाच काढायचं असतं, आपल्या आजोबांच्या वेळेपासून तसंच आहे. सावेर म्हणाला, "तेच म्हणतोय मी. जायला फुकट आणि सुटायला पैसे, अशी दुसरी जागा मला एकच माहीत आहे, आणि तिथे उंदीर जातात." मग शब्दाची आठवण होऊन गप्प बसला.

तर असा हा सावेर. त्याने त्या दारातली चावी उपसली, दोनदा फुंकली आणि पँटच्या उजव्या खिशात टाकली. खिशात ती मावेना, अर्धी बाहेर राहिली. पँट एका बाजूने खाली ओघळली. तेव्हा त्याने चावी सुतळीने कमरेला बांधली, वरून सदरा सोडला, आणि ती मांडीवर आपटू नये म्हणून कमरेला उजवीकडे हात दाबून चालायला लागला.

संध्याकाळी दोघं गल्लीतून फिरायला निघाली. पाहतो तर काय, दारादाराला चाव्या. झाडून सगळ्या बाहेरून. सावेरचे डोळे विस्फारले. अख्खी गल्ली एकाच वेळी विसरभोळी होत नाही. हा सापळा असणार. परका माणूस चावीला हात लावेल, की पडद्याआडून चार जण धावून येतील. त्याने हात कमरेवर आणखी घट्ट दाबला आणि रस्त्याच्या मधोमध, कुठल्याही दारापासून सारख्या अंतरावर चालू लागला. शेजारच्या दारात एक म्हातारी लोणच्यासाठी केपरच्या झुडपाच्या कळ्या निवडत बसली होती, तिचं नाव झेझा. तिने आधी सावेरच्या दाबलेल्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या दाराकडे पाहिलं, जिथे चावी नव्हती, आणि छातीवर क्रूस काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर एक झाकलेलं भांडं होतं. आत कोंबडीचा रस्सा, गरमागरम. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कोंचेत्ता हरखून गेली. सावेरने तिला चमचा लावू दिला नाही. ओळख ना पाळख, रस्सा कोण देतं? त्याने बशीभर रस्सा गल्लीतल्या मांजरीला घातला आणि घड्याळ लावून समोर बसला. मांजरीने बशी चाटून पुसून साफ केली, मिशा पुसल्या आणि पायरीवर झोपी गेली. सावेर कुजबुजला, "पाहिलंस?" कोंचेत्ता म्हणाली की ऑगस्टच्या उन्हात पोटभर खाल्लेली मांजर झोपणार नाही तर काय नाचणार आहे? आणि त्याच्यासमोर उरलेला रस्सा पिऊन टाकला. सावेर दुपारपर्यंत तिची नाडी पाहत होता.

तिसऱ्या दिवशी दोन भांडी आली आणि मेंढीच्या दुधाचं चीज आलं. दुकानात शिरलं की गप्पा बंद. दुकानदारीण त्याला बसायला खुर्ची देई, आणि खुर्ची देणाऱ्यांविषयी सावेरचं मत आपण ऐकलंच आहे. गल्लीत मुलं फटाके वाजवत असली की त्यांच्या दारासमोर आल्यावर मोठी माणसं त्यांना दटावत. पुरुष टोपी काढत. आणि सगळे त्याच्या कमरेवरच्या हाताकडे बघत. सावेरला वाटलं, यांना कळलंय चावी कुठे आहे ते.

कोंचेत्ताचं वेगळंच चाललं होतं. ती रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसे. समोरच्या बाया आपापल्या खुर्च्या एकत्र ओढून हसत-खिदळत, पण तिच्याकडे कोणी फिरकत नसे. ती हसली तर त्या मान तिरपी करून अशा काही मायेने हसत, की तिला रडू यावं. तिसऱ्या संध्याकाळी ती खुर्ची उचलून आत आली. "मी काय केलंय रे त्यांचं?" तिने विचारलं. सावेरला हे लागलं. इतरांवर त्याचा विश्वास नव्हता हे खरं, पण बायकोचं तोंड उतरलेलं त्याला पाहवत नसे. तो म्हणाला, "तू काही नाही केलंस. माणसंच चमत्कारिक आहेत." आणि दाराला आतून दुसरं कुलूप घातलं.

चौथ्या दिवशी पाद्री आले. कोंचेत्ता पावाच्या भट्टीवर गेली होती. सावेरने खिडकीची एक फळी दोन बोटं उघडली. पाद्रीबाबा हळू आवाजात म्हणाले की मी सोबत तेल आणलंय, आता येऊ की संध्याकाळी? पाद्रीच तेल विकायला लागले म्हटल्यावर सावेर काय समजायचं ते समजला. तेल आहे आमच्याकडे, घरूनच आणलंय, असं त्याने सांगितलं. पाद्रीबाबा गोंधळले, मग त्यांचा चेहरा आणखी कनवाळू झाला. "अजून वेळ आहे असं वाटतंय ना तुम्हाला? वाटतं तसं. पण निकड लागली तर मध्यरात्रीही हाक मारा." सावेरने फळी लावून घेतली. मध्यरात्री तेलाची निकड कोणाला लागते, याचा तो बराच वेळ विचार करत होता.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी, कोंचेत्ता हट्टाने त्याला समुद्रावर घेऊन गेली. तिने सांगितलं, की चावी कपड्यांत ठेव. किनारा रिकामा होता. सावेर म्हणाला, रिकाम्या किनाऱ्यावरच चोऱ्या होतात, भरलेल्या किनाऱ्यावर चोराला जागा कुठे असते? आणि कमरेची ती लोखंडी चावी कमरेलाच ठेवून पाण्यात उतरला. गळ्याइतक्या पाण्यात गेल्यावर भिजलेली सुतळी सुटली. त्याला मांडीला काहीतरी घासून गेल्याचं कळलं, एवढंच. तो सात वेळा बुडी मारून आला. दर वेळी हातात दगड. शेवटच्या वेळी कोंचेत्ता काठावर ओले केस पिळून कपडे आवरत होती, आणि ती न सांगता आवरायला लागली की प्रकरण गंभीर असतं.

ओल्या अंगाने दोघं पोलिसचौकीवर गेली. चौकी दहा ते बारा उघडी असते अशी पाटी होती आणि साडेबारा झाले होते. हवालदार मात्र बाहेर खुर्ची टाकून बसला होता. चौकी बंद असल्यामुळे आपण इथे नाही आहोत, असं त्याने आधी स्पष्ट केलं. मग तक्रार ऐकली. घराची चावी हरवली? त्याने वही आणली, पुढची पानं पाहिली, मागची पाहिली. अंगठी हरवल्याचा रकाना होता, बकरी हरवल्याचा होता, चावीचा नव्हता. या गावात चावी हरवत नाही, तो म्हणाला, कारण ती दाराला असते. ती दारातून काढली कोणी, हे आधी लिहावं लागेल.

"मी," सावेर म्हणाला.

हवालदाराने पेन्सिल खाली ठेवली. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "अच्छा, ते घर तुमचं होय. मग कशाला इतक्या लांब चालत आलात या अवस्थेत? बसा, बसा." आणि उठून स्वतःची खुर्ची त्याला दिली.

गल्लीत परत येईपर्यंत कोंचेत्ताचा धीर सुटला. ती बंद दारासमोर, पायरीवर, ओल्या केसांनी बसली आणि सगळ्यांदेखत रडायला लागली. झेझा म्हातारी लगबगीने आली, तिने कोंचेत्ताचं डोकं पोटाशी धरलं आणि गल्लीभर ऐकू जाईल असं पुटपुटली, "रड पोरी, रड. पण तो तर अजून उभा आहे. किती दिवस दिलेत डॉक्टरने?"

कोंचेत्ताने डोकं वर केलं. "कोणाला?"

"तुझ्या नवऱ्याला. यकृत ना? कसा सारखा दाबून धरतो गं बिचारा."

मग सगळं बाहेर आलं. सिएन्यात दाराची चावी एरवी कधी काढत नाहीत. काढतात ती घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असेल तेव्हाच, म्हणजे लोक आत येऊन त्रास देत नाहीत, मुलं दारात दंगा करत नाहीत, बायका उंबऱ्यात गप्पांना बसत नाहीत. रस्सा ठेवायचा आणि निघायचं. पाद्री तेल आणतात तेही मरणाऱ्याच्या कपाळाला लावायला. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नाझूला वाटलं होतं, मरायला इतक्या लांब आलेत म्हणजे हवा मानवत असेल, म्हणून त्यानेही विषय काढला नव्हता.

कोंचेत्ताने मान वळवून सावेरकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत तिने अनेकदा त्याच्याकडे रागाने पाहिलं होतं, पण हे तसं नव्हतं. तिला आता त्याचा कंटाळा आला होता.

आता दार उघडायचं कसं? लोहार बोलवावा लागेल, तो दुसऱ्या गावात, आणि उत्सवाच्या आदल्या दिवशी येणार कोण, असं सावेर म्हणत होता. झेझाने तेवढ्यात आपल्या दाराची चावी काढली, यांच्या कुलपात घातली आणि फिरवली. दार उघडलं. सावेर बघतच राहिला. झेझा म्हणाली, त्यात काय, एकाच लोहाराने एकाच साच्यातून गल्लीच्या सगळ्या चाव्या पाडल्यात, माझ्या आजीच्या वेळी. कुलूप वाऱ्यासाठी असतं, बाबा. दार आपटत नाही. म्हणजे पाच दिवस पँट सांभाळत आणि मांडी काळीनिळी करून घेत सावेरने जिची राखण केली, ती गल्लीभर दारोदार लटकत होती. झेझाने आपली चावी तिथेच राहू दिली. म्हणाली, मला पलीकडच्या घरची चालेल.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण नाझू आला तो तोंड पाडून. त्याने सांगितलं, की आजाऱ्याला त्रास नको म्हणून बँडमंडळाने कालच मिरवणुकीचा मार्ग बदललाय. बँड या गल्लीत येणारच नाही, मागच्या गल्लीने जाईल. समितीचा ठराव झालाय, पोलिसांचा शिक्का बसलाय. आता कारणाशिवाय बदलता येणार नाही. ठरावात "आजारी इसम" असं लिहिलंय, म्हणजे इसम एक तर बरा व्हायला हवा किंवा दुसरं काही तरी. तो घसा खाकरून थांबला. समितीची आज पाच वाजता बैठक आहे, तिथे कोणीतरी येऊन सांगावं लागेल.

"राहू दे," कोंचेत्ता म्हणाली. "नको बँड आणि नको काही. उद्या सकाळच्या बोटीने जाऊ." आणि आत जाऊन तिने बॅग काढली.

सावेर पायरीवर उभा होता. बरं झालो म्हणून सांगणं सोपं होतं. हवा मानवली, तुमच्या रस्स्याने गुण आला, असं म्हटलं असतं तर गावाने खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. विजी असता तर त्याने हेच सुचवलं असतं. पण ज्याला जन्मभर दुसऱ्याची लबाडी शोधायची सवय, त्याला स्वतःची ती एवढी स्वस्तातली लबाडी काही घशाखाली उतरेना. शिवाय आतून बॅगेच्या चेनचा आवाज येत होता. त्याने सदरा पँटमध्ये खोचला, पाच दिवसांत पहिल्यांदा, आणि नाझूच्या मागोमाग निघाला.

बँडमंडळाच्या खोलीत अकरा माणसं होती, पाद्रीबाबा होते, हवालदार होता आणि दारात सगळी गल्ली. सगळ्यांनी उठून त्याला खुर्ची दिली. सावेर बसला नाही.

"मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "पोटाशी चावी होती. मी ती काढून घेतली, कारण मला वाटलं तुम्ही सगळे चोर आहात. रस्सा मांजरीला घातला, त्यात काहीतरी असेल म्हणून. पाद्रीबाबा तेल विकायला आले असं वाटलं. माझी बायको तीन संध्याकाळी एकटी बसली ती माझ्यामुळे. उद्या बँड तिच्या दारात थांबावा म्हणून ती एकोणीस वर्षं वाट पाहतेय. मला काय बोलायचं ते बोला, पण बँड वळवू नका."

चोर म्हटलेलं कोणाला आवडतं? एका पिपाणीवाल्याने पिपाणी मांडीवर आडवी ठेवली. नाझूचे कान लाल झाले. पाद्रीबाबा छताकडे बघत होते, बहुधा तेलाच्या भावाचा विचार करत असतील. सावेरच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि तो त्याने पुसलाही नाही.

मग दारातून झेझाचा आवाज आला. "म्हणजे आजारी होताच की."

आधी हवालदार हसला, मग पाद्रीबाबा, मग सगळी खोली. नाझूने कान लाल असतानाच वही उघडली आणि विचारलं, की मग इसम बरा झाला असं लिहू का? समितीत यावर वाद झाला. बरा झाला असं आताच कसं म्हणता येईल, असं ढोलवाल्याचं म्हणणं पडलं. शेवटी "आराम पडत आहे" असं एकमताने ठरलं, हवालदाराने बंद चौकीत जाऊन शिक्का मारला आणि मार्ग जुना कायम झाला.

शनिवारी संध्याकाळी कोंचेत्ता दारात बसली. निळा पोशाख घातला होता, तो घडीच्या खुणांसकट. तिच्या एका बाजूला झेझा, दुसऱ्या बाजूला समोरच्या बायका, आणि सगळ्यांना सावेरची गोष्ट पहिल्यापासून ऐकायची होती. कोंचेत्ताने ती सांगितली, मांजरीसकट, सात बुड्यांसकट. बँड गल्लीत वळला आणि बरोबर त्यांच्या दारासमोर थांबला. पूर्ण एक चाल वाजवली. कोंचेत्ता हसत होती आणि डोळे पुसत होती. चाल संपली तेव्हा तिने न बघता हात मागे केला, आणि सावेरने तो धरला. दरम्यान तीसेक माणसं पाणी प्यायला त्यांच्या घरात शिरली आणि बाहेर आली. सावेरने त्यांना मोजलं नाही. म्हणजे, अठ्ठावीसपर्यंत मोजलं आणि मग सोडून दिलं.

बँड पुढे सरकला तेव्हा समोरच्या घरापाशी एक टॅक्सी थांबली. माल्टाहून आलेलं जोडपं उतरलं. पुरुषाच्या हातात बटाट्यांची पिशवी होती. त्याने दाराकडे पाहिलं. चावीकडे पाहिलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना नजर टाकली, मग हळूच चावी उपसून खिशात घातली आणि खिशावर हात दाबला.

झेझाने छातीवर क्रूस काढला. "अरे देवा, इतका तरणा!" म्हणून ती रस्सा गरम करायला उठली.

"बसा, मावशी," सावेर म्हणाला. "मी नेऊन देतो. हा आजार माझ्या ओळखीचा आहे."